ताऱ्यांच्या उजेडातले अनोळखी पट्टे

मृग नक्षत्राच्या पोटात एका रेषेत तीन तारे दिसतात. त्यांना आपण व्याधाचा बाण म्हणतो. त्यांपैकी एका ताऱ्याच्या वर्णपटात १९०४ मध्ये जर्मनीतील योहानेस हार्टमान यांना एक विसंगती आढळली. तो जोडतारा असल्याने त्याच्या रेषा मागेपुढे सरकत होत्या. कॅल्शियमची रेषा मात्र त्यांच्याबरोबर हलत नव्हती. ती ताऱ्याची नव्हे, वाटेतल्या वायूची होती. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, असा त्याचा अर्थ.

पुढे कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत मेरी ली हेगर ही विद्यार्थिनी अशाच स्थिर सोडियम रेषांचा अभ्यास करत होती. त्या कामात तिला ५७८० आणि ५७९७ अँगस्ट्रॉमजवळ दोन पसरट पट्टे दिसले. १९२२ मध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. हे पट्टेही वाटेतलेच, हे १९३० च्या दशकात पॉल मेरिल यांनी दाखवून दिले. पण ते कोणत्या द्रव्याचे?

आज असे पाचशेहून अधिक पट्टे ठाऊक आहेत. वाटेत धूळ जास्त असली की ते साधारणपणे गडद होतात, पण सगळे सारख्या प्रमाणात नाहीत. म्हणजे द्रव्ये अनेक असणार. संशय कार्बनच्या मोठ्या रेणूंवर आहे. मात्र संशयाने भागत नाही. तो रेणू प्रयोगशाळेत वायुरूपात, अवकाशाइतक्या थंडीत ठेवून त्याचे शोषण पट्ट्यांशी तंतोतंत जुळावे लागते. साठ कार्बन अणूंच्या, फुटबॉलच्या आकाराच्या विद्युतभारित रेणूकडे बर्नार्ड फोइंग आणि पास्काल एरेनफ्रॉइंड यांनी १९९४ मध्येच बोट दाखवले होते. बाझेलमध्ये जॉन मायर यांच्या गटाने ती जुळणी केली २०१५ मध्ये. त्यातून उलगडले ते मूठभर पट्टे. हेगर यांचे दोन्ही पट्टे अजून अनोळखीच आहेत.

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण उत्तर मिळाल्याच्या सालाला मान देतो. इथे मान द्यायचा तो नोंदीला. कारण न कळताही जे दिसले ते मोजून ठेवले, म्हणूनच शंभर वर्षांनंतरच्या रेणूची परीक्षा घेता येते. लग्नानंतर मेरी शेन झालेल्या हेगर यांनी उत्तरायुष्यात लिक वेधशाळेची जुनी कागदपत्रे लावून ठेवली. त्या दप्तरखान्याला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या पट्ट्यांना अजून फक्त आकडे आहेत.