एकाला तुरुंग, दुसऱ्याला ‘सर’

सेलिब्रिटीने टॅक्स बुडवला की लोकांत दोन गट पडतात. एक म्हणतो, मोठ्यांना कोण हात लावतंय? दुसरा म्हणतो, नाव मोठं म्हणूनच धरलं. आज ब्रिटनमधल्या दोन केस बघू, जेमतेम दोन वर्षांच्या अंतरातल्या.

पहिला लेस्टर पिगट. घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी. १९५४ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी त्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. पुढे तीच डर्बी एकूण ९ वेळा! लोक त्याचं नाव बघून पैसे लावायचे. पण सुमारे ३२ लाख ५० हजार पाउंडांचं उत्पन्न त्याने दाखवलंच नव्हतं. स्वित्झर्लंड, बहामा अशा ठिकाणी गुप्त खाती, तीही वेगवेगळ्या नावांनी. ऑक्टोबर १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि इप्सविचच्या कोर्टाने ३ वर्षं ठोठावली. प्रत्यक्षात तो ३६६ दिवस आत होता.

दुसरा केन डॉड, लिव्हरपूलचा लाडका विनोदवीर. याच्याकडे घरातच ३ लाख ३६ हजार पाउंड रोख, सुटकेसमध्ये भरून! शिवाय जर्सी आणि आईल ऑफ मॅन बेटांवर बँक खाती. याने मात्र आरोप नाकारले. १९८९ मध्ये पाच आठवडे खटला चालला, तोही लिव्हरपूललाच, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. नंतर कितीतरी वर्षं तो स्टेजवर टॅक्सवाल्यांवरच जोक मारत राहिला.

आता हा अन्याय का? ऑफिसात दोन वेगळे आउटपुट आले की मी आधी इनपुट तपासतो. इथे इनपुट खरंच वेगळे होते. पिगटने टॅक्स खात्याला खोटी माहिती सही करून दिली होती. शिवाय गुन्हा कबूल केला की ज्यूरी येतच नाही, फक्त शिक्षा किती ते जज ठरवतो. डॉडच्या बाबतीत मुद्दाम फसवलं का, हे १२ सामान्य माणसांना ठरवायचं होतं. आता आपल्याच गावच्या, आयुष्यभर हसवलेल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात जिव्हाळा नसेलच, असं मला तरी वाटत नाही. पण ज्यूरी म्हटली की हे आलंच.

तुरुंगवास मला पटतो. इतकं ठरवून केलेलं काम दंड भरून मिटलं असतं, तर पगारातून गुपचूप टीडीएस कापून घेणाऱ्यांनी काय करायचं? खटकतं ते पुढचं. १९८८ मध्ये पिगटचा ओबीई किताबही काढून घेतला. तो घोडेस्वारीसाठी मिळाला होता, आणि टॅक्सची शिक्षा तर कोर्टाने आधीच दिली होती! १९९० मध्ये, ५४ व्या वर्षी तो पुन्हा खोगिरावर बसला आणि काही दिवसांतच अमेरिकेत बेलमाँट पार्कला ‘रॉयल अकॅडमी’ या घोड्यावर ब्रीडर्स कप माईल जिंकला. ओबीई मात्र २०२२ मध्ये तो गेला तोवर परत मिळाला नाही. डॉडला २०१७ मध्ये ‘सर’ केलं.