नळ्या गेल्या, बाई गेली नाही

मी नाशिकजवळच्या सूतगिरणीत रिंग खात्यात तुटलेले धागे सांधतो. माझ्या मावशीचा गर्भ दोनदा पिशवीऐवजी नळीतच रुजला. जीव वाचवायला एकेक करून दोन्ही नळ्या काढल्या. तेव्हापासून गल्ली तिला वांझोटी म्हणते. म्हणून दोस्तहो, हा इतिहास.

बाईचं बीज नि पुरुषाचं बीज नळीत भेटतं. एकच नळी गेली तर दुसरीवर दिवस राहू शकतात. नसबंदीत कापलेली नळी कधी कधी सांधताही येते. पण अख्खी काढली तर सांधणार काय? तरी अंडाशय बीज देतच राहतं, पाळी येते, पिशवी शाबूत असते. मग नळीला वळसा घालून गर्भ पिशवीत नेता येईल?

उत्तर मिळालं ते गिरण्यांच्याच गावात. इंग्लंडातलं ओल्डहॅम, २५ जुलै १९७८. आईच्या नळ्या बंद. बीज बाहेर काचेच्या बशीत फळवलं, लुईस ब्राउन जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नानं दुसरी मुलगी झाली. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं. १९८१ साली त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली. केईएम म्हणजे परळ, आपलं गिरणगाव. पालिकेचं इस्पितळ.

दरवेळी यश येतंच असं नाही. वय वाढलं की आशा घटते. पण माझा सवाल साधा आहे. सरकार नळी कापतं फुकट. मग ही वळणाची वाट खासगी दवाखान्यात लाखाच्या बिलाआड का? मावशीला मूल होवो न होवो, ते पैशानं ठरू नये. आणि नाहीच झालं, तरी ती वांझोटी कशी? ती माझी मावशी आहे.