बंदुकीच्या परवान्यात दवाखान्याचं नाव का नाही?

पेट निघाली, कोर्सवर्क झालं, आता सिनॉप्सिससाठी विषयच सापडत नाही, ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकतो. विषय कधीकधी दवाखान्याच्या दारातही सापडतो.

लातूरला एका खासगी दवाखान्यात पेशंटला भेटायला गेलो होतो. दारात फलक होता: चपला बाहेर काढा, थुंकू नका, आणि सगळ्यात खाली, शस्त्र घेऊन आत येण्यास सक्त मनाई. वॉचमनला विचारलं, "मामा, परवान्याची बंदूक असली तर?" तो हसला. म्हणाला, "परवानावाल्याला अडवायला मी कोण?"

माझं काम मराठवाड्यातल्या पोलीस प्रशासनाच्या इतिहासावर आहे, त्यामुळे तो प्रश्न घेऊनच घरी आलो. नेटवर शोधलं तर अमेरिकेतला वाद समोर येतो: बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क, मग दवाखान्याला तो रोखता येतो का? हा प्रश्न जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, ती सरकारने अटी घालून दिलेली परवानगी आहे. म्हणून आपला पहिला दस्तऐवज म्हणजे परवान्याचा छापील फॉर्म.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. (इथं सांभाळा. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. 'या कायद्याने नांदेडची जनता निःशस्त्र झाली' असं वाक्य प्रबंधात गेलं तर व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येणार.) स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आणि १९६२ चे नियम आले. नियमांतल्या परवान्याच्या नमुन्यात एक अट आहे: जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खास परवानगीशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा इतर सार्वजनिक जमावात न्यायचं नाही. पुढे या यादीत शैक्षणिक संस्थांचं आवार जोडलं गेलं. दवाखाना नाही.

ही यादी नुसता नियम म्हणून वाचू नका, सरकारला कशाची धास्ती होती याची नोंद म्हणून वाचा. आधी भीती जमावाची, नंतर कॉलेजच्या पोरांची. आजाऱ्यांच्या वॉर्डात कुणी कमरेला पिस्तूल लावून येईल, हे यादी करणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हतं.

२०१६ च्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकलं. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं हवं, ते परजायचं नाही, अटी मोडल्या तर परवाना जाऊ शकतो. म्हणजे झाकून नेलं की चाललं! २०१० चा महाराष्ट्राचा डॉक्टर-संरक्षण कायदाही मारहाण आणि तोडफोडीबद्दल शिक्षा सांगतो, तीन वर्षांपर्यंत कैद. शस्त्र आत आणण्याबद्दल तो काही म्हणत नाही.

आता उलट बाजू, कारण गाईड ती विचारणारच. १२ सप्टेंबर १९९२ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वॉर्ड क्रमांक १८ मध्ये टोळीवाल्यांनी एके-४७ चालवली. पोलीस पहाऱ्यात उपचार घेणारा आरोपी आणि दोन पोलीस मेले. त्यांच्याकडे कुठला आलाय परवाना? फलक लावून ते थांबले नसते, हे खरंच. पण म्हणून परवान्याची बंदूक निर्धोक ठरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला, आणि गुन्हा दाखल झाला तो परवाना असलेल्या तत्कालीन आमदारावर. ठाण्यात हे होतं, तर पेशंट दगावल्यावर आयसीयूबाहेर जमलेल्या घोळक्यात काय होईल?

आपल्या भागात हा प्रश्न कागदी नाही. एप्रिल २०२२ मध्ये नांदेडला एका बांधकाम व्यावसायिकाची घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली, त्यानंतर व्यापाऱ्यांमधून परवान्यांची मागणी वाढली. त्यांची भीती खोटी नव्हती. बीडमध्ये परवाने बाराशेच्या वर गेल्याचं २०२४ च्या शेवटी गाजलं आणि प्रशासनाला ते रद्द करायला बसावं लागलं. परवाना घेतलेला माणूसही आजारी पडतोच की.

खरी गाठ इथेच आहे. समजा त्याला अपघातानंतर कॅज्युअल्टीत आणलं. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जखमीवर आधी उपचार, बाकी सगळं नंतर. सरकारी असो की खासगी, डॉक्टरला त्याला दारातून परत पाठवता येत नाही. मग पिस्तुलाचं काय? सिस्टरने कपाटात ठेवलं तर तिच्याकडे परवाना कुठे आहे? १९५९ च्या कायद्याचं कलम ३ विनापरवाना शस्त्र ताब्यात ठेवू देत नाही. शस्त्र जमा करायची नेहमीची जागा म्हणजे पोलीस ठाणे किंवा परवानाधारक विक्रेता. निवडणुकीच्या वेळी बंदुका जमा होतात त्या ठाण्यातच. मोठ्या सरकारी रुग्णालयात निदान पोलीस चौकी असते, गल्लीतल्या वीस खाटांच्या दवाखान्यात वॉचमनच असतो, तोही रात्री एकटा.

म्हणून माझं मत असं: दवाखान्याला मनाईचा अधिकार हवाच, पण तो एकेका फलकावर सोडून चालणार नाही. कॉलेजच्या आवारासारखं दवाखान्याचं नाव परवान्याच्या अटीतच यायला हवं, आणि आलेलं शस्त्र ताब्यात घेण्याची जबाबदारी जवळच्या ठाण्यावर लिहून द्यायला हवी. मग "परवानावाल्याला अडवायला मी कोण" असं वॉचमनला म्हणावं लागणार नाही. तो अट दाखवेल आणि ठाण्याला फोन लावेल.

कुणाला यावर काम करायचं असेल तर सुरुवात घरी येणाऱ्या पेपरापासून करा. सणावाराला, आंदोलनाच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचे मनाई आदेश छापून येतात. एका वेळी साधारण पंधरा दिवसांचे. तलवारी, भाले, बंदुका, लाठ्या, दगड, सगळ्याची यादी असते. नांदेड आणि लातूरच्या आदेशांची कात्रणं तारखेनुसार लावा आणि शेवटचा परिच्छेद नीट वाचा, सूट कुणाला आहे तो. कामावरचे सरकारी कर्मचारी तर असतातच, कधी काठीशिवाय चालता न येणारे म्हातारे आणि अपंगही सापडतील.