रुमालाआडचा दिवा

एसवाय बीएस्सीला असताना मी खिशातल्या रुमालाने एक ग्रेटिंग पुसलं होतं. खान्देशातलं एक कॉलेज. काळे पडदे ओढलेली डार्करूम, सोडियमच्या दिव्याने पिवळीजर्द झालेली भिंत, घामेजलेले हात. ग्रेटिंग म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठा काचेचा तुकडा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘१५,००० एलपीआय’ लिहिलेला. त्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटलेला दिसला, आणि चष्मा पुसावा तशी मी ती काच खसाखसा पुसली. परत स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावला तर रेघेच्या जागी नुसता पिवळा धुरळा.

लॅबमधले मामा आले, काच उजेडात तिरपी धरून बघितली आणि म्हणाले, “काचले बोट नको लावू, सांगेल होतं ना भाऊ तुले?” ओरडले नाहीत, याचंच जास्त लागलं.

एलपीआय म्हणजे एका इंचातल्या रेघा. पंधरा हजार. मिस्त्री ‘एक सूत इकडेतिकडे चालतं’ म्हणतो, ते सूत इंचाचा आठवा भाग. तेवढ्या जागेत या काचेवर १,८७५ रेघा बसतात. प्रत्येक रेघ शेजारणीपासून सारख्या अंतरावर. प्रकाश त्यांच्यामधून निघाला की शेजारशेजारच्या फटींतून आलेल्या लाटा काही ठरावीक दिशांनाच एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून चालतात, बाकी सगळीकडे एकमेकींना मारतात. कोणत्या दिशेला जमेल हे रंगावर ठरतं. सोडियमच्या पिवळ्याला ते २० अंशांच्या थोडं पुढे जमतं, मग दुसऱ्यांदा ४४ अंशांवर, आणि तिसऱ्यांदा जमतच नाही. ज्या विद्यार्थ्याच्या वहीत १५,००० च्या ग्रेटिंगची थर्ड ऑर्डर सापडते, त्याने जर्नल कोणाचं उतरवलंय हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मी ज्याच्याने ग्रेटिंग घालवलं, त्या रुमालातूनच ग्रेटिंग जन्माला आलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

गोष्ट फिलाडेल्फियातली, १७८५ ची. फ्रान्सिस हॉपकिन्सन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. एका संध्याकाळी दारात बसून त्याने रेशमी रुमाल डोळ्यांपुढे ताणला आणि लांबच्या रस्त्यावरचा दिवा त्यातून पाहिला. रुमालाचे धागे मोठे होऊन जाड तारांसारखे दिसले. इथवर ठीक. पण रुमाल डावी-उजवीकडे हलवला तरी त्या तारा जागच्या हलेनात. हे काय गौडबंगाल, म्हणून त्याने डेव्हिड रिटनहाउसला पत्र लिहिलं. रिटनहाउस पेशाने घड्याळं आणि उपकरणं बनवणारा, वृत्तीने आकाश मोजणारा.

हा प्रयोग इकडे खान्देशात, धुळ्यात करायला रेशीम लागत नाही. धुळ्याच्या पॉवरलूमवर निघणारं साधं सुती कापडही चालतं, फक्त वीण बारीक हवी. मागवाल्यांना तर इंचात मोजायची सवयच असते: ताण्याचे धागे म्हणजे रीड, बाण्याचे म्हणजे पिक, आणि ते मोजायला घडीचं छोटं भिंग. इंचाला शंभर धाग्यांचं कापड घ्या, शंभर मीटरवरच्या दिव्याकडे बघा. दिव्याच्या दोन्ही अंगांना आणि वरखाली त्याच्याच फिकट प्रतिमा दिसतील, एकमेकींपासून साधारण वीतभर अंतरावर, कडांना किंचित तांबूस-निळसर. कापड सरकवा, त्या हलत नाहीत. कारण दिसतात ते धागे नव्हेतच. ती धाग्यांच्या अंतराने लावलेली प्रकाशाची वाटणी आहे, आणि अंतर सगळीकडे सारखंच. कापड फिरवलं तर मात्र प्रतिमांची फुली कापडाबरोबर फिरते. कापड रीड-पिकला जितकं दाट, तितक्या प्रतिमा लांब. पिक मोजायचं भिंग विसरलं तर रस्त्यावरच्या खांबानेही हिशेब लागेल, असं मी एकदा धुळ्याच्या ओळखीतल्या मागवाल्या चाचांना सांगितलं. “रात्री बारा वाजता खांबाखाली कापड धरून उभं राहायला वेळ कोणाला आहे, भाऊ,” म्हणाले. तेही खरंच.

तसं पाहिलं तर रुमालाच्याही आधी पीस होतं. १६७३ साली स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने पक्ष्याच्या पिसातून उन्हाची तिरीप जाऊ दिली तेव्हा त्याला रंगांचे ठिपके दिसले होते. त्याने ते पत्रात लिहिलं आणि विषय तिथेच राहिला. रिटनहाउसचं वेगळेपण असं की त्याने रुमाल बाजूला ठेवला. कापडात दोन दिशांचे धागे, त्यांची गुंतागुंत कशाला? त्याने पितळी तारेच्या दोन तुकड्यांवर एका घड्याळजीकडून अतिशय बारीक आटे पाडून घेतले, इंचाला १०६. त्या आट्यांत पन्नास-साठ केस समांतर बसवले आणि खिडकीच्या झडपेतल्या फटीकडे त्यातून पाहिलं. मधली रेघ स्वच्छ, बाजूंना रंगीत. तांबडा रंग सर्वांत जास्त वळतो, हेही त्याने टिपलं. लोलकात बरोबर उलट असतं.

त्याच्या जाळीतली मोलाची गोष्ट केस नव्हते, आटे होते. सारखं अंतर हाताने साधत नाही, ते स्क्रूकडून उसनं घ्यावं लागतं. पुढची दीडशे वर्षं ग्रेटिंगचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी स्क्रूचाच इतिहास आहे.

रिटनहाउसचं काम बाकी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. लंडनच्या थॉमस यंगने १८०१ मध्ये इंचाला ५०० रेघांच्या काचेवर प्रकाश लाटांचा असल्याचा हिशेब मांडला. पण ग्रेटिंगला खरा बाप भेटला तो बव्हेरियात. योझेफ फ्राउनहोफर हा काचकाम करणाऱ्याचा मुलगा, आरसे बनवणाऱ्याकडे कामाला ठेवलेला. १८०१ मध्ये मालकाचं घर कोसळलं आणि हा पोरगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा त्याने १८१४ मध्ये लोलकाने नीट मोजल्या. १८२१ मध्ये त्याने रिटनहाउसच्याच चालीवर दोन स्क्रूंमध्ये २६० बारीक तारा ताणल्या. रिटनहाउसचं काम त्याला माहीत नव्हतं असं म्हणतात. मग तारा सोडून तो काचेवर आला आणि हिऱ्याच्या टोकाने रेघा ओढू लागला.

लहानपणी आमच्या गल्लीत ‘टाकीऽऽ’ अशी आरोळी देत बाई यायची. पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकते, वाटली जात नाही. मग ती छिन्नी-हातोडीने त्यावर ओळीने टवके पाडायची. काचेचंही तेच. कोरी काच प्रकाशाला नुसती वाट देते, टाकी लावली की त्याला कामाला लावते. फरक इतकाच की पाट्यावर एक टवका चुकला तरी चटणीला कळत नाही.

इथे मात्र एकही रेघ चुकू नये यासाठी ज्याने आयुष्य घालवलं तो हेन्री रोलँड, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा. त्याचं रेघा ओढायचं यंत्र १८८२ च्या सुमारास चालू झालं. इंचाला १४,४३८ रेघा. हा आकडा असा आडनिडा का, तर स्क्रूचे आटे आणि चाकाचे दाते यांच्या गुणाकारातून तो पडतो. यंत्राने ठरवलेला आकडा आहे, माणसाने नव्हे. स्क्रू कसा घासावा यावर त्याची स्वतःची पद्धत होती: लांबलचक नट चढवायचा आणि तापमान बदलू नये म्हणून पाण्यात बुडवून दिवसेंदिवस घासत राहायचं. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात ‘स्क्रू’ या विषयावरचा लेख त्याने लिहिला, आणि लिहावा तर त्यानेच. यंत्र तळघरात ठेवलेलं, कारण खोलीतला माणूससुद्धा हवा तापवतो, हवा तापली की लोखंड वाढतं, आणि लोखंड वाढलं की रेघ चुकते. हिरा मात्र काचेवर लवकर झिजायचा, म्हणून रोलँड स्पेक्युलम धातूवर रेघा ओढत असे. तांबं आणि कथील, म्हणजे आपल्या काशाचीच थोरली बहीण. कथील जास्त, म्हणून आरशासारखी पांढरी आणि तशीच ठिसूळ. या धातूच्या पट्ट्या घासून-पुसून द्यायचा जॉन ब्रॅशियर, आणि तयार ग्रेटिंग्ज जगभरच्या प्रयोगशाळांना जायची.

एवढं करूनही स्क्रूत एक खोड राहायचीच. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी तो केसाच्या हजाराव्या हिश्श्याने पुढेमागे व्हायचा. तेवढ्यानेही वर्णपटात खऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेघा उमटायच्या, जिथे कुठलंही मूलद्रव्य नाही अशा जागी. त्यांना नाव पडलं रोलँडची भुतं. १९०१ मध्ये रोलँड गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी त्याच तळघराच्या भिंतीत, यंत्राजवळ चिणल्या. भुतांचं नाव आधीच पडलेलं होतं, हा निव्वळ योगायोग.

पण रोलँडची पट्टी आमच्या लॅबमध्ये आली असती का? नावच नको. ती महाग, आणि जगात मोजकी. पोचली ती तिची नक्कल. मँचेस्टरच्या थॉमस थॉर्पने १८९९ च्या सुमारास युक्ती काढली: मूळ ग्रेटिंगवर सेल्युलॉइडचं पातळ द्रावण ओतायचं, वाळलं की साय काढावी तसा पापुद्रा सोलायचा आणि काचेवर चिकटवायचा. मूळच्या दरीच्या जागी नकलेत डोंगर, पण अंतरं तीच. मी पुसली ती काच नव्हती, हा पापुद्रा होता. आमच्या लॅबमधले खोके अंबाल्याहून यायचे, कॉलेजांच्या उपकरणांची मोठी पेठ हरियाणातल्या त्या शहरात आहे. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, अशा किती पिढ्यांनंतरची ती होती, कोण सांगणार?

सांगता येतं म्हणा, आणि ते धुळ्याच्या माणसाला लवकर पटावं. राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत, त्यांत पुष्कळशा नकलाच आहेत, आणि दप्तराच्या भाषेत कागदांच्या त्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. दोन पोथ्या एकाच मुळावरून उतरल्या का, हे अभ्यासक बरोबर लिहिलेल्या ओळींवरून ओळखत नाहीत. बरोबर तर सगळ्यांचंच असतं. ते बघतात सारख्या चुका. एकाच जागी तेच अक्षर गळलं असेल तर दोघींची आई एक. ग्रेटिंगचंही असंच आहे. मूळ यंत्राच्या स्क्रूची खोड पापुद्र्यासोबत उतरते, आणि प्रत्येक नकलेत तीच भुतं त्याच अंतरावर उभी राहतात. पाठभेदांवरून पोथ्यांची वंशावळ मांडतात तशी भुतांवरून ग्रेटिंगची मांडता येईल. कोणी हे बसून केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पैसे कोण देईल हे विचारू नका.

१९६० नंतर लेसर आला आणि स्क्रूची मक्तेदारी संपली. लेसरचे दोन झोत एकमेकांवर आणून पडणारे उजेड-अंधाराचे पट्टेच प्रकाशाला संवेदनशील अशा लेपावर उतरवायचे. ना हिरा, ना दाते, ना ती भुतं. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यावरच्या वळशांचं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे इंचाला १५,८७५. रोलँडचे १४,४३८, माझे १५,०००, सीडीचे १५,८७५. तिच्या मागे ग्रेटिंग बनवायचा हेतू कोणाचाच नव्हता. गाणी दाटीवाटीने बसवायची होती. पण आकडा जाऊन पोचला त्याच आळीत. आज कणीस भरलेल्या ज्वारीत पाखरं उडवायला दोरीने टांगलेली सीडी दिसते. उन्हात गर्रकन फिरते आणि ताटांवर रंगांचा फराटा ओढून जाते. आमच्या लॅबमध्ये जे कुलूप लावून ठेवायचे, तेवढंच बारीक काम होल्यांसाठी बांधावर लटकतंय. होले दोन दिवसांत सरावतात, हा भाग वेगळा.

शेती-औषधाच्या बाटलीवरचा चकचकीत होलोग्राम हीदेखील याच घराण्यातली थॉर्पची पणती. लेसरने कोरलेल्या मूळ नक्षीवर विजेच्या साहाय्याने निकेल चढवायचं, निकेलचा तो ठसा तापवून प्लास्टिकच्या पट्टीवर दाबायचा, लाखो वेळा. पापुद्रा सोलण्याऐवजी ठसा मारणं, एवढाच बदल. मास्टरकार्डने १९८३ मध्ये तो कार्डावर आणला. खोटं ओळखायला नक्कल वापरायची, असा हा मामला.

आणि यात्रा. खान्देशातल्या कुठल्याही यात्रेत फुग्यांच्या शेजारी लेसरची किल्लीएवढी खेळणी मिळतात, सोबत प्लास्टिकची पाच टोपणं. टोपण बदललं की भिंतीवर चांदणी, फुलपाखरू, बाण. टोपणात चित्र कोरलेलं असतं असं पोरांना वाटतं. मी भिंगाखाली धरलं तर आत फुलपाखरू कुठेच नव्हतं, नुसती धुरकट खरखर. इथे हिशेब उलटा लावतात. आधी ठरवायचं की भिंतीवर काय हवंय, मग संगणकाकडून काढून घ्यायचं की त्यासाठी पृष्ठभागावर कुठे खड्डा हवा आणि कुठे उंचवटा. उत्तर एका फटक्यात येत नाही. संगणक भिंत आणि टोपण यांच्यात येरझाऱ्या घालत दर खेपेला चूक कमी करत नेतो. १९७२ मध्ये गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांनी सांगितलेली रीत अजून चालते. तांबड्या लेसरसाठी साध्या प्लास्टिकमध्ये खड्डा लागतो सुमारे ०.६५ मायक्रॉन खोल, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतका. खोली जरा चुकली की सरळ जाणारा प्रकाश पुरता मरत नाही, आणि चित्राच्या मधोमध एक ढळढळीत ठिपका उरतो. यात्रेतल्या सगळ्या टोपणांत तो असतो. माझ्या फुलपाखराच्या पोटात होता.

ते खराब झालेलं ग्रेटिंग मामांनी वर्षाअखेरीस मोडीतून काढून मला दिलं. मधला भाग गेलाय, पण एका कडेला बोटभर पट्टी शाबूत आहे. आमच्या गल्लीतल्या खांबावरचा सोडियम जाऊन एलईडी लागला त्या रात्री मी ती पट्टी डोळ्याला लावली. रेघा नव्हत्या. सलग पट्टा होता: कडेला ठसठशीत निळा, मग एक खळी, मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंत एकच वाहतं रान. बायको गच्चीत आली, म्हणाली काय बघताय. तिच्या हातात वाळत घातलेले रुमाल होते, त्यातला एक मागून घेतला.