बारा वर्षांचा श्रीपत आणि अंब्रोलीची शाळा

मिशन शाळांविषयी आपण मंडळीत बोलतो ते बहुतेक कौतुकाने. अमुक साहेब आले, शाळा काढली, मुले शिकली, देवाने आशीर्वाद दिला. हे खरेच आहे. पण मुंबईतल्या ज्या मुलांच्या शाळेतून पुढे विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेज उभे राहिले, तिची पहिली पंधरा-वीस वर्षे वाचताना आम्हाला वेगळाच प्रश्न पडला. दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेले मूल नक्की कोणाचे? आम्ही मंडळीत धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला जुना वाटत नाही.

स्कॉटलंडचे मिशनरी पहिल्यांदा आले ते कोकणात, 1823 साली, बाणकोटला. मुंबई आणि पुणे ही केंद्रे नंतरची. जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट 1829 मध्ये मुंबईत उतरले. विल्सन लगेच मराठी शिकू लागले आणि काही महिन्यांतच मराठीत उपदेश करू लागले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्यांच्यावर खरे तर स्वतंत्र लेख हवा. 1835 मध्ये त्या वारल्या; मुंबईत त्यांना जेमतेम सहा वर्षे मिळाली.

मुलांची इंग्रजी शाळा 1832 ची. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले तेही याच वर्षी. गिरगावातल्या अंब्रोलीच्या नावाने ही शाळा ओळखली जाते. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजी माध्यमावर सगळा भर दिला होता. विल्सन यांना इंग्रजी हवी होती, पण मराठी आणि संस्कृत बाजूला सारून नको होती. शाळेचे दोन नियम पहिल्यापासून ठरलेले होते. जातीवरून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि पवित्र शास्त्राचा तास सगळ्यांना. हिंदू असो, पारशी असो, मुसलमान असो, त्या तासाला बसायचेच. यात लपवाछपवी काही नव्हती. पालकांना हे ठाऊक होते आणि तरी ते मुले पाठवत होते, कारण इंग्रजी आली की नोकरीची दारे उघडत. पालकांना इंग्रजी हवी होती आणि मिशनऱ्यांना मुलांची मने हवी होती. दोघेही आपापल्या हिशेबाने खूश होते.

हा हिशेब 1839 च्या मे महिन्यात फिसकटला. धनजीभाई नवरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. मुंबईत एकच गदारोळ उठला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि विल्सन यांना मुलाला कोर्टापुढे हजर करावे लागले. मुलगा स्वतःचा निर्णय घेण्याइतका मोठा आहे असे मानून कोर्टाने त्याला मोकळे ठेवले, आणि तो विल्सन यांच्याबरोबर गेला. इकडे पालकांनी मुले धडाधड काढून घेतली. पारशी मुले गेली, त्यांच्यामागे इतरही गेली. काल भरलेले वर्ग आज ओस पडले. सरकारकडे अर्ज गेले.

त्या वेळी एक सोपी वाट उघडी होती. ‘यापुढे कोणाला बाप्तिस्मा देणार नाही’ असे जाहीर केले असते, किंवा शास्त्राचा तास ऐच्छिक केला असता, तर मुले आठवड्यात परतली असती. विल्सन यांनी यातले काहीच केले नाही. रिकाम्या बाकांपुढे शिकवणे चालू राहिले. हळूहळू मुले परत आली, आणि शास्त्राचा तास तसाच होता. पालकांनी काय विचार केला असेल? आम्हाला वाटते, ही माणसे जे करतात ते सांगून करतात, एवढे तरी त्यांच्या लक्षात आले असावे. धनजीभाई पुढे एडिंबरोला शिकले, 1846 मध्ये त्यांची दीक्षा झाली, आणि गुजरातेत त्यांनी अनेक वर्षे सेवा केली.

1843 चे प्रकरण मात्र इतके सरळ नाही, आणि त्याच्यापाशी आम्ही जास्त थांबलो.

त्या वर्षी स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. मुंबईतल्या मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली, त्यामुळे शाळेची इमारत त्यांना सोडावी लागली. विल्सन स्वतः तेव्हा मुंबईत नव्हते. पवित्र भूमीच्या प्रवासातून ते पुढे स्कॉटलंडला गेले आणि 1847 मध्येच परतले. शाळेचा भार रॉबर्ट नेसबिट आणि जॉन मरे मिचेल यांच्यावर होता. नेसबिट यांचे मराठी ऐकून मराठी माणूसही थक्क होई, अशी त्यांची ख्याती होती.

सप्टेंबर 1843 मध्ये शाळेतला एक ब्राह्मण तरुण, नारायण शेषाद्री, याने बाप्तिस्मा घेतला. तो वयाने जाणता होता. पण त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे येऊन राहिला. त्याचे वय सुमारे बारा. त्यालाही बाप्तिस्मा हवा होता. नेसबिट यांनी त्याला बाप्तिस्मा दिला नाही, पण आसरा दिला, आणि तो त्यांच्या घरी जेवला. वडील कोर्टात गेले. कोर्टाने या वेळी वेगळा निकाल दिला. मुलगा लहान आहे, त्याने वडिलांकडे जावे.

मिशनच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी या निकालाबद्दल फार दुःख केले आहे. मुलगा रडत गेला, विश्वासाचे रोप उपटले गेले, असा त्यांचा सूर. मुलाच्या रडण्याबद्दल आम्हालाही वाईट वाटते. तरी आमचे मत त्या लिहिणाऱ्यांशी जुळत नाही. एक मुलगा गेला, त्या पाठोपाठ दुसराही चालला, अशा बापाचे दुःख त्या लेखनात फारसे दिसत नाही. शमुवेल लहानपणी मंदिरात राहिला, हे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. पण शमुवेलाला हन्नाने स्वतःच्या हातांनी आणून सोडले होते. एलीने त्याला ठेवून घेतले नव्हते. आणि बारा वर्षांच्या मुलाचीच गोष्ट काढायची तर लूकच्या शुभवर्तमानातली आठवावी. आपला प्रभू त्याच वयाचा असताना मंदिरात मागे राहिला, मरीया आणि योसेफ तीन दिवस शोधत फिरले, आणि सापडल्यावर तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. पित्याच्या घराची ओढ त्याच्याइतकी कोणाला असणार? तरी तो घरी गेला.

नेसबिट यांना आम्ही दोषी ठरवत नाही. दाराशी आलेल्या मुलाला त्यांनी हाकलले नाही, बाप्तिस्म्याची घाईही केली नाही. पण कोर्टाने ओढलेली रेघ शाळेने आधीच ओढली असती तर बरे झाले असते, असे आम्हाला वाटते.

श्रीपतचे हाल तिथे संपले नाहीत. मिशनऱ्यांच्या घरी जेवल्यामुळे त्याची जात गेली होती. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. ब्राह्मणांत तट पडले आणि बाळशास्त्रींनाही लोकांचा रोष सोसावा लागला. बाळशास्त्री ख्रिस्ती नव्हते, मिशनऱ्यांच्या धर्मप्रचाराला ते उघड विरोध करत. पण घरी परतलेल्या मुलाला दार बंद असू नये, हे त्यांनी ओळखले. पेत्राला मोकळ्या मनाने परत घेणाऱ्या प्रभूचे नाव घेणाऱ्या आपण हे विसरू नये. मुंबईच्या त्या वादात क्षमेची बाजू एका हिंदू शास्त्र्याने लढवली.

या शाळेत पुढे आपल्या बेळगावचा एक मुलगा आला. बाबा पदमनजी, जन्म 1831, तिथल्याच कासार घरातला. आधी तो बेळगावात लंडन मिशनच्या शाळेत शिकला. मुंबईत तो फ्री चर्चच्या शाळेत आला आणि नेसबिट यांच्या हाताखाली शिकला. मनात उलथापालथ चालूच होती. मध्यंतरी तो गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेतही होता. बाप्तिस्मा त्याने 1854 च्या सप्टेंबरात घेतला, आणि तोही मुंबईत नव्हे, बेळगावात, जिथे त्याला सगळे ओळखत होते. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. ‘यमुनापर्यटन’ 1857 चे आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र बरेच नंतरचे. मराठी साहित्याला त्याने काय दिले ते सर्वांना माहीत आहे; आम्हाला त्याचे तेवीस वर्षे हे वय महत्त्वाचे वाटते.

याच मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले 1841 ते 1847 शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. मिशनच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना असे, अशा फळासाठी रकाना नव्हता.

विल्सन 1875 मध्ये वारले. चौपाटीसमोरची कॉलेजची देखणी इमारत 1889 ची, म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नाही. आणि नारायण शेषाद्री? शाळेतून बाहेर पडून ते पाळक झाले आणि निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ गेले. तिथे त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. चर्च झाले, शाळा झाली. त्या गावात आलेली कुटुंबे बहुतेक मातंग समाजातली होती, आणि एका ब्राह्मण घरचा मुलगा, ज्याचा भाऊ नुसत्या जेवणामुळे जातीबाहेर गेला होता, त्यांच्यात राहून त्यांचा पाळक झाला.