हाफकिन यांचा ताप आणि पेशीतला लगाम

लस घेतल्यावर दंड सुजतो, अंग तापते, आणि घरात कोणीतरी म्हणते, ‘लस बाधली’. ही सूज म्हणजे शरीराचे नुकसान की शरीराचे काम? हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपण प्लेगच्या काळातील मुंबईत जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच महिन्यात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. १८९३ पासून ते उत्तर भारतात कॉलऱ्याची लस टोचत फिरले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या लहानशा जागेत त्यांनी पोषक द्रवावर तुपाचे थेंब सोडून प्लेगचे जंतू वाढवले व उष्णतेने मारले. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. मग सारे शमले.

येथे थांबून विचार करा. जंतू तर मेलेले होते. मग ताप आणला कोणी? आणि उतरवला कोणी?

हाफकिन यांचे गुरू एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये जंतू गिळणाऱ्या पेशींची कल्पना मांडली होती. सूज हा बचाव आहे, हे त्यांचे म्हणणे. मात्र पेशीच्या आत काय घडते, हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली. १९८६ मध्ये रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांना अमेरिकेत एक प्रथिन सापडले : एनएफ-कॅपा-बी. ते पेशीत आधीपासून तयार असते, पण बांधलेले असते. आमच्या झाशीच्या छावणीत सैनिक बराकीत सज्ज असतात, हुकमाशिवाय बाहेर पडत नाहीत, तसेच हे. त्याला बांधून ठेवणारे प्रथिन, आय-कॅपा-बी, १९८८ मध्ये ओळखले गेले.

हुकूम कसा सुटतो? जंतूच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ पेशीवरील टीएलआर-४ हे प्रथिन ओळखते, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. जंतू मेला तरी आवरण उरतेच. संदेश आत जातो, आयकेके हे एन्झाइम आय-कॅपा-बीवर खूण करते, आणि खूण झालेले आय-कॅपा-बी नष्ट केले जाते. मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून सूज व ताप आणणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करते.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्याच वेळी ते आय-कॅपा-बीचे जनुकही चालू करते. नवे आय-कॅपा-बी तयार होते आणि त्याला केंद्रकातून परत ओढते. कंट्रोल सिस्टिम शिकणाऱ्यांनो, हा सरळ निगेटिव्ह फीडबॅक आहे. जो आग पेटवतो, तोच विझवण्याची सोय करून ठेवतो.

हा तोल दोन्ही बाजूंनी बिघडतो. जिवंत प्लेगचा जंतू यॉप-जे नावाचे प्रथिन पेशीत सोडून आयकेकेच निकामी करतो. धोक्याची घंटा वाजत नाही आणि रोग पसरतो. म्हणजे मेलेला जंतू घंटा वाजवतो, जिवंत जंतू ती बंद पाडतो! उलट ए-२० हे दुसरे लगामाचे प्रथिन जन्मतःच अपुरे असेल, तर लहानपणापासून वारंवार ताप येतो, तोंड येते. हा आजार २०१६ मध्ये ओळखला गेला.

औषधोपचारातही हेच दिसते. २०२० मध्ये कोविडच्या ज्या रोग्यांना ऑक्सिजन द्यावा लागत होता, त्यांच्यातील मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. तेव्हा सूज दाबायची की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. कधी आणि किती, हे विचारायला हवे. हाफकिन यांचा ताप चढला तसाच उतरलाही. चढण्याइतकेच उतरणे हेही शरीराचे काम आहे, हे यापुढे कोणी ‘लस बाधली’ म्हणाले की त्याला समजावून सांगा.