बहु-उद्‌भासन छायाचित्रण

फिल्मच्या एकाच भागावर दोन किंवा अधिक वेळा प्रकाश पाडून (उद्‌भासन करून) निरनिराळ्या प्रतिमा एकत्र आणण्याचे तंत्र. दृश्याचा काळा भाग फिल्मवर परिणाम करीत नाही. त्यामुळे त्या जागी नंतर दुसरी प्रतिमा स्पष्ट उमटविता येते. झॉर्झ मेल्येस या फ्रेंच चित्रपटकाराने १९०० मध्ये या रीतीने स्वतःच्याच सात प्रतिमांचा वाद्यवृंद पडद्यावर दाखविला.

महाराष्ट्रात धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी अशा युक्त्या पौराणिक चित्रपटांत वापरल्या. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले व पुढे गोध्र्यात त्यांनी तोच व्यवसाय केला. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची ठराविक अंतराने चित्रे घेऊन अंकुराची वाढ हा लघुपट तयार केला. फिल्म धुण्याच्या कामी पत्नी सरस्वतीबाई यांचे साहाय्य असे. नाशिक येथे तयार झालेल्या कालिया मर्दन (१९१९) या चित्रपटाच्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिचा चेहरा कृष्णवेषातील चेहऱ्यात हळूहळू मिसळतो. त्या काळी असा बदल सामान्यतः कॅमेऱ्यातच साधत : पहिले चित्रण क्रमाने मंद करून फिल्म मागे घेत व दुसरे चित्रण त्याच भागावर क्रमाने उजळवीत.

यात धोका मोठा असे. परिणाम फिल्म धुतल्यावरच कळे आणि दुसऱ्या वेळची चूक पहिले निर्दोष चित्रणही निकामी करी. साध्या पेटी-कॅमेऱ्यावर हाच प्रयोग करणाऱ्या हौशी छायाचित्रकारालाही ही जोखीम पतकरावी लागे. डिजिटल साधनांवर प्रतिमा मागाहून जोडता येतात; फिल्मवर मात्र त्यांची जुळणी आधीच मनात निश्चित करावी लागते.